मोड ठरेपर्यंत

“बटण दाबायच्या आधी बूट मोड ठरवा. आणि एकदा ठरवला की परत त्याला हात लावू नका.” संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने पिशवी देताना बजावलेले हे शब्द वहिनींच्या डोक्यात पक्के बसले होते. त्यांचे यजमान, म्हणजे थोरले, आणि दीर, म्हणजे धाकटे, यांनी त्यातलं फक्त पहिलं वाक्य शिरोधार्य मानलं.

कोणत्याही सुजाण घरात निर्णय जितका बारीक, तितकी त्यावरची चर्चा सखोल असते. घर कुठे घ्यावं, लग्न कुणाशी करावं, असल्या किरकोळ बाबी माणसं चहा निवायच्या आत उरकतात. बूट मोडचं तसं नाही. घरी जोडलेल्या संगणकाने झोपेतून कोणत्या कुशीवर उठावं, याचा तो नियम. जुना प्रकार लेगसी, नवा यूईएफआय. (दोन्हींनी संगणक उठतोच. हा मुद्दा विषयाला सोडून असल्याने चर्चेत घेण्यात आला नाही.)

संगणक कशासाठी जोडला, हे इथेच नोंदवलेलं बरं, कारण घरात ते फार काळ कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वहिनींच्या मावशींची नजर मंदावत चालली होती आणि डॉक्टरांनी उपायापेक्षा धीरच जास्त दिला होता. मावशी एक जाडजूड रहस्यकथा वाचत होत्या. शेवटची तीन प्रकरणं उरली असताना अक्षरं दिसेनाशी झाली. ती प्रकरणं बोटभर अक्षरांत छापून द्यायचा शब्द वहिनींनी दिला होता.

“मी वाचून दाखवू का?” वहिनींनी फोनवर विचारलं होतं.

“नको बाई. खुनी आला की तुझा आवाज बदलतो. लहानपणीही तुला काही लपवता यायचं नाही,” मावशी म्हणाल्या. “मला माझं मला वाचू दे. आणि सांगून ठेवते, माझा संशय बागेतल्या माळ्यावर आहे. फक्त लवकर कर हं. परवापासून घड्याळाचे काटेही दिसेनात.”

इकडे काम शिस्तीत चाललं होतं. थोरले वजनमापे खात्यात. खात्री पटल्याशिवाय ते घरातला तराजूही वापरत नसत. धाकटे विमा विकत. न आलेलं संकट त्यांना आलेल्यापेक्षा स्पष्ट दिसे. जेवणाच्या टेबलावर उघडा कॅबिनेट, स्क्रू आणि पंखा मांडलेला असल्यामुळे सगळे ताट मांडीवर घेऊन जेवत. मतमोजणीत पन्नास टक्के मतं जुन्या मोडला आणि पन्नास टक्के नव्याला पडली. (वहिनी मतदार नव्हत्या. त्यांना संगणक फक्त वापरायचा होता.)

“लेगसी म्हणजे पारखलेलं,” थोरले म्हणाले.

“दादा, पारखलेलं म्हणजे म्हातारं. उद्या त्याला काही झालं तर?”

“तुझ्या उद्याला आजवर काही झालंय का?”

अखेर वडीलकीच्या तत्त्वावर लेगसी ठरला. सगळं बसवून झालं, पडदा उजळला आणि वहिनींनी दुपारचं आवरून एक प्रकरण टाइप केलं. संध्याकाळी धाकट्यांना एका जाणकाराचा व्हिडिओ सापडला. त्यात तो जाणकार लेगसी हा शब्द उच्चारताना खिन्न झाला होता. खिन्नतेपुढे वडीलकी टिकली नाही. मोड बदलण्यात आला. संगणकाने बूट करायला डिस्कच नसल्याचं कळवलं.

“मग पहिल्यासारखं करून टाका ना,” वहिनी हळूच म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांना उगाच पदर सावरावासा वाटला. घेतलेला निर्णय मागे घेणं म्हणजे आधीचा चुकला असं मान्य करणं. त्यापेक्षा डिस्क साफ पुसून नव्याने मांडणं सभ्यपणाचं, यावर दोन्ही पक्षांचं प्रथमच एकमत झालं. प्रकरण त्यात पुसलं गेलं. (खर्ची पडलेल्या प्रकरणाबद्दल सभेने दिलगिरी व्यक्त केली.)

वहिनींनी ते पुन्हा टाइप केलं. मग थोरल्यांना कार्यालयात एक सेवानिवृत्त अभियंता भेटला, ज्याचा लेगसीवर चालणारा संगणक त्याच्या नोकरीपेक्षा जास्त टिकला होता. पुराव्यासमोर मान तुकवणं हेच विज्ञान. डिस्क पुन्हा पुसली. त्यानंतर अशी सुधारणा वेळोवेळी होत राहिली. या काळात संगणक घरातल्या कुणाहीपेक्षा अधिक वेळा नव्याने जन्मला आणि प्रत्येक वेळी त्याला आधीचं काही आठवत नव्हतं. असं निर्मळ मन माणसांत विरळाच.

“तुमचा माळी काय म्हणतो, वहिनी?” धाकट्यांनी एकदा आपुलकीने विचारलं. “आता शेवटचंच हं. हा मोड कायमचा.”

“माळी ठीक आहे,” वहिनी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मावशींचा फोन आला. काही मागणं नव्हतं. बोलता बोलता त्या एवढंच म्हणाल्या, “आज आरशात पाहिलं. कुणीतरी बाई उभी होती, एवढं कळलं.”

वहिनींनी फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत दोन्ही मोडची अंतिम तुलना सुरू होती.

“अगं, ये, आता तुझंही मत घेऊ,” थोरले उदारपणे म्हणाले. “बोल, जुना की नवा?”

“कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं हो?”

“असेल आठपर्यंत. मत सांग ना.”

“मोठे कोरे कागद आणि जाड काळं मार्कर पेन आणते. हातानेच लिहीन.” त्यांनी पुस्तक काखेत घेतलं, खुनी कोण ते कुणी विचारेल म्हणून उंबऱ्यात क्षणभर थांबल्या, आणि चपला घालून निघाल्या. दार त्यांनी आवाज न करता ओढून घेतलं.

आत तिघे जण पडद्याकडे पाहत होते: थोरले, धाकटे, आणि शेवटी मोड कोणता ठरला हे कळल्याशिवाय ज्यांना उठवत नव्हतं, ते आपण.