रणदिवे काका आणि पंधरा वॅट

रणदिवे काकांनी आयुष्यात एकही सिगारेट ओढलेली नाही. सुपारीचं खांडसुद्धा ते तोंडात टाकत नाहीत. तरीही इंग्लंडात, लेस्टरच्या आमच्या गल्लीत कुणाच्या व्हेपला, म्हणजे विजेवरच्या सिगारेटला, करपट वास यायला लागला, की तो माणूस दुकानात न जाता काकांची बेल वाजवतो. काका दार उघडतात आणि 'या, बसा' म्हणायच्या आधी विचारतात, "किती ओहमची कॉइल?"

उत्तर आलं नाही तर त्यांचा चेहरा असा पडतो, जणू समोरच्याला पोटच्या पोराचं नाव आठवत नसावं.

काका तीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करायचे. निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि स्वयंपाकघरातलं टेबल त्यांनी वर्कशॉप करून टाकलं. मुलगा निरंजन लीड्सला असतो. एका ख्रिसमसला काकांनी त्याचं सिगारेटचं भरलेलं पाकीट सिंकमध्ये धरून वर नळ सोडला. तो जेवण टाकून निघून गेला, आणि तेव्हापासून बापलेकांचं बोलणं नाही, असं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

मी मात्र बावीस वर्षं ओढत होते. म्हाताऱ्यांच्या एका केअर होमची मॅनेजर आहे. तिथे मागच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहून दिवसाला पंधरा. घरात तुळस, बाहेर तंबाखू. डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावून आकडे दाखवले तेव्हा फुप्फुसं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी म्हातारी निघाली. आधी चार वेळा सोडून झालं होतं. ही पाचवी वेळ फसली तर सहावी नाही, असं मी ठरवलं होतं. रडगाण्याचा मला कंटाळा आहे.

म्हणून व्हेप आणलं. पेनाहून जरा जाड डबी. आत तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल. तिच्याभोवती कापूस, कापसात निकोटिनचं गोड पाणी. तार तापते, वाफ होते, ती ओढायची. बाजूला अधिक-उणे अशी दोन बटणं आणि पडद्यावर आकडा. आता, मी सोलापूरची. पंख्याचा रेग्युलेटर दिसला की तो पाचावर न्यायचा, हे आमच्या हाडांत आहे. मी अधिकचं बटण दाबून आकडा चाळीसवर नेला आणि झुरका मारला.

चुलीचं पोतेरं पेटवून गिळावं तसं झालं. दहा मिनिटं खोकले, डबी ड्रॉवरमध्ये फेकली आणि कोट चढवून सिगारेट आणायला निघाले. पाचवी वेळ दोन तासांत संपली होती.

काका फाटकापाशी कचऱ्याची हिरवी बिन आत घेत होते. त्यांनी नाक वर केलं.

"कापूस जळलाय," ते म्हणाले. "कुणी जाळला?"

"मी."

एका मराठी बाईच्या तोंडून हे ऐकून दुसऱ्या कुणी निदान भुवई उचलली असती. काकांनी बिन तिथेच सोडली. "किती वॅटवर?"

"चाळीस."

"अगं सुनीता, ती कॉइल आहे की वेल्डिंगची दांडी? आण इकडे!"

त्या दिवशी माझी शाळा झाली. काकांनी कॉइलला मीटर लावला. पॉइंट आठ ओहम. "हा अडथळा. व्होल्टेज म्हणजे मागून येणारा रेटा. आणि वॅट म्हणजे दोघांच्या भांडणातून निघालेली उष्णता. घशाला कळते ती शेवटची."

"मग व्होल्ट थोडे वाढवले तर काय बिघडतं?"

"व्होल्ट दुप्पट केलेस तर वॅट चौपट होतात. दुप्पट नाही, चौपट! इथेच सगळे मरतात." त्यांनी टेबलावर थाप मारली. "जुन्या डब्यांवर व्होल्टच लावावे लागायचे. म्हणजे मिरच्या मोजून तूच घाल, भाजी तिखट झाली तर तुझं नशीब. तुझी डबी शहाणी आहे. तिला फक्त सांग, पंधरा वॅट. ती कॉइल ओळखते आणि व्होल्ट स्वतः ठरवते. शहाण्या नोकराच्या हातातून झारा ओढून घेऊ नये."

मग नवी कॉइल. तिच्यावर त्या निकोटिनच्या पाण्याचे चार थेंब टाकून त्यांनी मला बसवलं.

"आता काय?"

"भिजू दे. साबुदाणा न भिजवता खिचडी करतेस का?"

खिचडीचा दाखला मला लगेच पटला. आम्ही चहा प्यायलो. मग दहा वॅट. फिकं. बारा. बरं. पंधराला घशात नेमका तो हिसका बसला, ज्यासाठी मी बावीस वर्षं पावसात उभी राहत होते. कोट मी खुंटीला लावला.

काकांना मी आदर्श वगैरे म्हणणार नाही. ते हेकट आहेत. डॅरेन नावाचा छपरं दुरुस्त करणारा धिप्पाड माणूस येतो, त्याला ते मराठीत झापतात. "मिस्टर डॅरेन, भाकरी भाजायचीय, जाळायची नाही!" डॅरेन मान हलवतो आणि आकडा खाली आणतो. एकदा कुणी नुसतीच आंब्याच्या स्वादाची चौकशी करायला आलं. "सिगारेट ओढता? नाही? मग हे खेळणं नाही," म्हणून काकांनी दार लावलं. उपदेश म्हणून तेवढाच. मला त्यांनी 'सोड' असं एकदाही म्हटलं नाही. दर दोन आठवड्यांनी कॉइल बदलायला जायचं, चहा, एखादा वॅट खाली, पाण्यातलं निकोटिन थोडं कमी. असे सात महिने गेले. डब्यांपाशी मी आता फक्त कचरा टाकायला जाते.

मागच्या रविवारी वाटलं, किती दिवस म्हाताऱ्याला त्रास द्यायचा? वाचायचा नवा चष्मा आला होता. तो लावून कॉइल हातात धरली, तर तिच्या अंगावरच बारीक अक्षरांत कोरलेलं: बारा ते सोळा वॅट.

तशीच तडक गेले. "काका, हे तर हिच्यावरच छापलंय!"

"असतं," काका म्हणाले. ते कणीक मळत होते.

"सगळ्या कॉइलवर?"

"बहुतेक."

"मग सात महिने मला हेलपाटे—"

फोन वाजला. हात कणकेचे, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला.

"बाबा, निरंजन. नवीन कॉइल लावली. किती वॅटवर ठेवायची?"

काकांनी माझ्याकडे न बघता आवाज सारखा केला. "भिजवलीस का? मग बारापासून चढ. पंधराच्या वर नको. आणि खोकला?"

"कमी आहे. तुम्ही जेवलात?"

"पोळ्या करतोय."

"ओके बाबा. बाय."

"दीड वर्षापूर्वी असाच फोन आला होता," काका म्हणाले. "सिगारेट सोडतोय, हे जळतंय, तुम्हाला इलेक्ट्रिकचं कळतं ना, म्हणून. मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. उद्या सांगतो म्हटलं आणि रात्रभर वाचलं. तेव्हापासून दर कॉइलला करतो."

"त्याला ते छापलेलं दिसत नसेल?"

"दिसत असेल की. डोळे चांगले आहेत त्याचे." त्यांनी कणकेला तेलाचा हात लावला. "तो विचारतो. मी सांगतो. छापलंय, हा विषय आम्ही दोघंही काढत नाही."

मी हळव्या स्वभावाची नाही. चष्मा काढून खिशात टाकला आणि कॉइल टेबलावर ठेवली.

"माझी किती वॅटवर ठेवू, काका?"

"थांब," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले. "बघावं लागेल."