शरदकाका आणि रविवारची खरखर

आमच्या शेजारचे शरदकाका घरात शिरताना दार वाजवत नाहीत, की "आहे का कोणी?" असंही विचारत नाहीत. कानाला कॉर्डलेस फोन लावलेला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर (म्हणजे आपल्याच घरात आपण गप्प बसायचं!) आणि पावलं थेट माझ्या स्वयंपाकघराकडे. फ्रीजसमोर उभं राहायचं, अर्धा मिनिट ऐकायचं आणि मान हलवून जाहीर करायचं, "खरखर आहे. तुझ्या फ्रीजमध्ये दोष आहे, नीता."

पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. नंतर कळलं, फिरलेलं वगैरे नाही, ते मुळातच तसं बसवलेलं आहे.

काका तीस वर्षं पॉलिटेक्निकात होते. हे ते येईल-जाईल त्याला सांगतात. कशात होते ते सांगत नाहीत, ते मी सांगते: स्टोअरमध्ये. स्क्रू मोजून द्यायचे आणि सही घ्यायचे. पण तीस वर्षं यंत्रांच्या शेजारी बसून यंत्रविद्या आपल्या अंगात मुरली, अशी त्यांची ठाम समजूत. कुठलाही बिघाड दिसला की हात मागे बांधून उभे राहणार आणि म्हणणार, "घाई नको. क्रमाने जाऊया."

या क्रमात त्यांनी खरखरीच्या जाती पाडल्या होत्या. भजी तळल्यासारखा आवाज आला तर ती 'तळणी'. गुणगुणलं तर 'भुंगा'. मधेच कट्ट कट्ट झालं तर 'अडकित्ता'. तळणी आमच्या फ्रीजमधून येते, भुंगा समोरच्यांच्या शिलाई मशीनमधून आणि अडकित्ता आमच्या वायफायमधून, हे ठरूनच गेलं होतं. कोपऱ्यावरची पिठाची गिरणीसुद्धा संशयितांच्या यादीत होती. सुटलं होतं ते फक्त काकांचं स्वतःचं घर. त्यांच्या वस्तूत दोष असू शकतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात कधी कबूल केलेलं नाही. घड्याळ मागे पडलं तर म्हणणार, रत्नागिरीच पुढे धावतेय.

माझे मिस्टर एकदा समजवायला गेले. "काका, फोनची बैठक, म्हणजे तो ज्यावर ठेवता तो तारेचा डबा, तुमच्या घरात. तिच्यापासून लांब गेलात की खरखर वाढणारच. म्हणजे तुम्ही ज्याच्या घरी जाल तोच गुन्हेगार ठरणार!"

काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू कॉमर्सवाला ना? मग राहू दे."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण माझं पोट मिक्सरवर आहे. मी जेवणाचे डबे देते. रविवारी दहाच्या ठोक्याला माझ्या मिक्सरात ओलं खोबरं पडतं आणि नेमका त्याच ठोक्याला काकांचा फोन वाजतो. मग कुंपणावरून आरोळी, "नीता! मिक्सर! माई आली!" की मिक्सर बंद, चटणी अर्धवट, डबे उशिरा, आणि गिऱ्हाइकांची बोलणी मी खायची.

माई म्हणजे काकांची थोरली बहीण. दापोलीजवळ मुरुडला पोफळीच्या वाडीत एकट्या राहतात. वय चौऱ्याऐंशी. यांचे गुडघे गेले, त्यांची कंबर गेली, त्यामुळे भेट होऊन कित्येक वर्षं झाली. दर रविवारचा फोन तेवढा राहिला होता. आणि तीन महिने झाले, त्या फोनवर माई, "बाळ्या, नुसती खरखर रे!" असं म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. शहात्तर वर्षांच्या माणसाला 'बाळ्या' म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलेलं, आणि त्याच्याशी धड चार शब्द होत नव्हते.

एका रविवारी दुपारी काका आमच्या पायरीवर येऊन बसले. चेहरा उतरलेला. "फोन आपटलान् तिने. म्हणाली, पुढच्या रविवारी ऐकू आलं नाही तर यापुढे फोन करणार नाही. ओरडून ओरडून धाप लागते म्हणे." मग लगेच ताठ होऊन, "मला काय! सुटलो तिच्या बडबडीतून!" असं म्हणत उठले आणि पुन्हा माझ्या फ्रीजपाशी जाऊन उभे राहिले.

शनिवारी मी घावनं द्यायला त्यांच्याकडे गेले. सहज विचारलं, "काका, फोनची बैठक ठेवलीय तरी कुठे?"

काकांनी मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरातलं जुनं जाळीचं कपाट उघडलं. कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. आत दूध, लोणी, गुळाचा डबा, आणि सायीच्या पातेल्याला टेकून, लाल दिवा लुकलुकवत बसलेली फोनची बैठक!

"मुंग्या गो," काका म्हणाले. "फोनात घर केलं होतं मेल्यांनी. तेव्हापासून इथे ठेवतो. आता एक मुंगी फिरकली तर शपथ!"

"तेव्हापासून म्हणजे कधीपासून?"

"झाले की तीन महिने."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो काका, चहूबाजूंनी लोखंडी जाळी! तळणी नाही नि भुंगा नाही, तुम्ही त्या फोनला तुरुंगात टाकलंय!"

बैठक बाहेर काढून स्टुलावर ठेवली. काका कानाला फोन लावून घरभर फिरले, अंगणात गेले, माझ्या फ्रीजपर्यंत जाऊन आले. खरखर औषधालासुद्धा नाही. आणि परत येऊन म्हणाले काय? "हे मी उद्या करणारच होतो. क्रमाने जात होतो." आभार तर सोडाच, तीन महिने माझ्या फ्रीजची बदनामी केली त्याबद्दल अवाक्षर नाही. असा राग आला म्हणून सांगू!

रविवारी पावणेदहालाच मला बोलावणं. "साक्षीदार हवा. नाहीतर माई म्हणेल, बाळ्याचा फोन भंगार." मी खोबरं आधीच वाटून ठेवलं होतं, म्हणून गेले. काका इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसले होते. दहाला फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"बाळ्याऽ?"

आवाज इतका स्वच्छ, की मागे माईंच्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या, त्याही ऐकू आल्या. काकांनी लढाई जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"बोल माई! कशी आहेस?"

"काय?"

"कशी आहेस, विचारतोय!"

"काय म्हणतोस? मेली खरखर! काही कळत नाही!"

काकांनी फोन हलवून पाहिला. पुन्हा ओरडले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ओरडून ते थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला दिसलं की त्यांना कळलंय. मलाही कळलं. इकडची खरखर कालच गेली होती. उरली होती ती माईंच्या कानांतली.

"माई, लाइन तर एकदम..." मी म्हणायला गेले. काकांनी हात वर करून मला गप्प केलं.

पलीकडे माईंचा आवाज रडवेला झाला. "बाळ्या, खरं सांग. माझे कान गेले का रे?"

काकांनी फोन तोंडाशी धरला आणि एकेक शब्द तोडून ओरडले, "माझा फोन बिघडलाय, माई! माझाच!" चार वेळा ओरडले. घसा बसला. चौथ्यांदा पोचलं.

"तुझाच ना?" माईंच्या आवाजात एकदम जीव आला. "मला वाटलंच मेल्या! स्वस्तातला घेतला असशील!"

"होय गो! तुझे कान ठणठणीत आहेत! फोन करत जा! तू नुसती बोल, मला सगळं ऐकू येतं!"

आणि माई बोलायला लागल्या. माकडांनी पोफळीवर काही ठेवलं नाही, शेजारणीची सून बाळंत झाली, कंबरेला लावायचं तेल संपलं. काका मान हलवत "हूं, हूं" म्हणत होते. ते हूं तिकडे पोचत नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी म्हणत होते. या माणसाचा मी कालपर्यंत किती राग राग केला होता!

मधेच माई थांबल्या. "बाळ्या, आहेस ना रे?"

काका खुर्चीतून अर्धे उठले आणि बसलेल्या घशाने, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "आहे गो माई! आहे!"