गावातला सर्वांत भित्रा माणूस

"तुमचं नाव देऊन आले," बाई म्हणाल्या आणि पर्स टेबलावर ठेवून त्यांनी पंखा लावला.

शिंपीमास्तर शाळेच्या गणवेशाला बटणं लावत होते. त्यांनी दातातला दोरा तोडला. "कशासाठी?"

"भित्रा माणूस म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

"ठराव झालाय समितीत. एकमतानं. तो समोरचा औषधवाला आहे ना, आजवर एकाही ठरावाला हो म्हणाला नव्हता. आज त्यानं दोन्ही हात वर केले."

मास्तरांनी पुढचं बटण उलटं लावलं. कारण ही समिती कसली, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

गावाच्या मधोमध नदी वाहत होती, पण ती कोणाला दिसत नसे. एका काठाला गोदामं, दुसऱ्या काठाला गिरणीची लांबच लांब भिंत, आणि जिथे भिंत नाही तिथे 'आत येऊ नये' असा फलक. गावात नदी आहे हे लोकांना डासांमुळे कळे. शाळेतून निवृत्त झाल्यावर भूगोलाच्या या बाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, मनावर घेतलं, की चार ठिकाणी भिंत फोडून लाकडी धक्के बांधायचे, बाणांच्या पाट्या लावायच्या, समितीने दोन-चार होड्या घ्यायच्या आणि ज्याला वाटेल त्यानं वल्हं मारत गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं. त्यासाठी त्यांनी गोदामवाल्यांचे उंबरठे झिजवले. गिरणीच्या मॅनेजरला तर इतकं पिडलं, की तो भिंतच काय, स्वतःची केबिनही पाडायला तयार झाला. धक्के झाले, पाट्या झाल्या. राहिली होती ती नदीखात्याच्या साहेबांची परवानगी.

साहेबांनी अट घातली. पट्टीचे पोहणारे मला दाखवू नका. गावात पाण्याला सर्वांत जास्त घाबरणारा जो कोणी असेल, तो सुखरूप पार झाला तरच ही वाट सगळ्यांसाठी खुली. नाहीतर चारही धक्क्यांना कुलूप.

आता या बाबतीत मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते आंघोळसुद्धा न्हाणीघराची कडी न लावता करत. न जाणो, बादलीत काही झालं तर कोणाला तरी आत येता यावं.

"मी बुडालो तर?" मास्तरांनी विचारलं.

"बुडाल कसे? मी असेन ना मागच्या सीटवर. होडी मी नेणार. तुम्ही नुसतं पुढे बसून वल्हं बुडवत राहायचं. दिसायला."

"आणि तू—"

"आता चहा टाकू का?" बाई म्हणाल्या. विषय संपला.

त्या आठवड्यात समितीची जुनी तरंगती जाकिटं पट्टे शिवायला मास्तरांच्या दुकानात आली. मास्तरांनी सगळ्यांचे पट्टे इमानदारीत शिवले. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून स्वतःच्या जाकिटात फोमचा एक थर जास्तीचा भरला. मशीनवरून उठता उठता त्यांना वाटलं, धड तरंगेल, पण डोक्याचं काय? म्हणून त्यांनी कॉलरलाही फोम घातला. मग तिची उंची वाढवली. अखेर ती कॉलर कानांच्या वर गेली. घालून पाहिलं तेव्हा मान इकडे वळेना की तिकडे वळेना, आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न शेजारच्या गावातून आल्यासारखे वाटू लागले. मास्तरांना फार दिवसांनी सुरक्षित वाटलं.

ठरल्या दिवशी सकाळी पहिल्या धक्क्यावर जमलेल्या मंडळींनी मास्तरांना होडीत बसवलं. चौघांनी बसवलं, कारण मास्तर गुडघ्यात वाकायला तयार नव्हते. मागे बाई बसल्या. साहेब शेवटच्या धक्क्यावर दुर्बीण घेऊन वाट बघत होते.

"एक ध्यानात ठेवा," बाई कॉलरच्या फटीत तोंड घालून ओरडल्या. "मागे वळून बघायचं नाही. होडी कलंडते."

मास्तरांना वळता येतच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, जीव मुठीत धरला आणि दुसऱ्या मुठीत वल्हं. होडी निघाली. डाव्या बाजूला एक बुचकळी, उजव्या बाजूला एक बुचकळी. ती सरळ चालली होती. बायको होडीसुद्धा संसारासारखीच रेटते, या विचारानं मास्तरांना भरून आलं.

दुसरा धक्का आला. "थांबा थांबा," बाई म्हणाल्या, "ती पाटी वाकडी दिसतेय. साहेबांनी पाहिली तर अब्रू जाईल. मी सरळ करून येते." त्यांनी होडीचा दोर धक्क्याच्या खुंटाला एक वेढा देऊन त्याचं टोक मास्तरांच्या हातात दिलं. "घट्ट धरा. काही झालं तरी सोडू नका."

आता मास्तर कसले सोडतात! बाई उतरल्या तशी होडी डुगडुगली आणि मास्तरांची पाचावर धारण बसली. घट्ट म्हणजे किती घट्ट याचा अंदाज येईना, म्हणून त्यांनी दोर दोन्ही हातांनी छातीशी ओढला. आणखी ओढला. होडी धक्क्यापासून जराशी फिरली, खुंटावरचा वेढा वरून सटकला, आणि सगळा दोर मास्तरांच्या मांडीत येऊन पडला. तो त्यांनी जिवापाड घट्ट धरून ठेवला. तेवढ्यात होडी एकदा हिसका देऊन हलली. म्हणजे बाई येऊन बसल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

मागे धक्क्यावर बाई बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. कॉलरच्या आत ते कुठेतरी दूर पाखरू ओरडावं तसं ऐकू आलं.

"झाली का पाटी सरळ?" मास्तरांनी विचारलं.

उत्तर नाही.

"नाही, मी आपलं विचारलं."

बाई बोलत नाहीत म्हणजे त्या चिडल्या आहेत. इतक्या वर्षांच्या संसारात याला अपवाद झालेला नव्हता. मास्तर कारण शोधू लागले. "तुझ्या भावाच्या पँटचं म्हणत असशील तर कापडच आखूड होतं गं." मागे शांतता. "तुझ्या बहिणीकडच्या चहाला मी चांगला म्हणालो तो नुसता शिष्टाचार होता." शांतता. "बरं बाई, ती कुंडी माझ्याच हातून फुटली. मांजराचा काही संबंध नाही."

कुंडीवरही काही नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मास्तरांनी डोळे उघडले आणि दोर सोडून वल्हं उचललं. "तू दमलीस का? बस जरा. मी मारतो." आणि बायकोचा राग उतरावा म्हणून ते जोर लावून वल्हं मारू लागले.

इकडे बाईंना काठाकाठाने धावायचं होतं, पण काठाने वाटच नव्हती. वाट असती तर ही समिती कशाला काढली असती? पुढच्या धक्क्यावर पोचायला गोदामांना वळसा, रेल्वेचं फाटक आणि अख्खा बाजार ओलांडावा लागे. समोरून गॅस सिलिंडरचा टेम्पो आला. बाई त्याच्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या.

"माझे यजमान नदीतून चाललेत हो! एकटेच!"

"चला बसा," टेम्पोवाला म्हणाला. "वाटेत दोन सिलिंडर टाकायचेत तेवढे."

नदीवर मास्तरांची परीक्षा सुरूच होती. बुटका पूल आला. वाकायचं तर कॉलर वाकू देईना. ते मागे रेलले, कॉलर पुलाच्या तुळईला घासली आणि फोमचे तुकडे पाण्यावर उडाले. गिरणीच्या नळाचं पाणी जिथे धो धो पडत होतं, तिथे होडी गर्रकन फिरली. "डावीकडे घे! अगं, डावीकडे!" मास्तर किंचाळले. मागून कोणी काही घेईना, तेव्हा घाबरून त्यांनी स्वतःच उजवीकडे चार-पाच सपाटे हाणले आणि होडी डावीकडे वळली. "शाब्बास," मास्तर बायकोला म्हणाले.

तिसऱ्या धक्क्यावर गळ टाकून बसलेला एक माणूस ताडकन उठला. मागच्या सीटकडे बोट दाखवून तो हातवारे करू लागला. "बघ, लोक तुला हात करताहेत," मास्तर म्हणाले. "तूही कर की. राग माझ्यावर आहे, त्यांच्यावर कशाला?" एका रिकाम्या सीटची समजूत घालत चाललेला तो माणूस बघून गळवाल्याने सामान गोळा केलं आणि घर गाठलं.

शेवटचा धक्का दिसला. साहेबांनी दुर्बीण खाली केली आणि स्वतः पुढे होऊन होडी धरली. समितीची मंडळी टाळ्या वाजवत होती. हळूहळू टाळ्या थांबल्या.

"वा, मास्तर!" साहेब मोठ्याने म्हणाले. "एकट्यानं आलात?"

"एकट्यानं कसा येईन साहेब? ही आहे ना मागे."

औषधवाला आपल्या चपलांकडे बघत राहिला. मास्तरांनी जाकिटाचे पट्टे काढले, ते मगरमिठी मारलेलं जाकीट अंगावरून ओढून फेकलं आणि पहिल्यांदा मान वळवली.

सीट रिकामी होती.

तोवरची भीती ही भीतीच नव्हती, हे मास्तरांना त्या क्षणी कळलं. कुठे पडली असेल? पुलाखाली? नळापाशी? आपण कुंडीचं सांगत होतो तेव्हा? आणि हिला पोहता येतं का? इतक्या वर्षांत आपण साधं विचारलंही नाही.

"मास्तर, थांबा!" साहेब ओरडले, पण होडी केव्हाच फिरली होती. मास्तर प्रवाहाच्या उलट निघाले. अंगात जाकीट नाही, पायात चपला नाहीत. "अगं ए! अगं ए!" अशी हाक घालत, दोन्ही काठांचं पाणी डोळ्यांनी उपसत त्यांनी असं वल्हं मारलं, की मागे धक्क्यावर साहेबांची दुर्बीण डोळ्यांना लागली ती लागलीच.

तिसऱ्या धक्क्यापाशी टेम्पो थांबलेला होता. बाई फळीवर गुडघे टेकून रडत होत्या. होडी दिसताच त्या उठल्या आणि कडाडल्या, "अहो! जाकीट कुठाय तुमचं?"

मास्तरांनी होडी फळीला लावली, बाईंचं मनगट पकडलं आणि ते म्हणाले, "त्या एका पाटीसाठी माझा जीव गेला असता."

बाईंनी डोळे पुसले. टेम्पोवाल्याचं लक्ष नाही हे बघून त्या हळूच म्हणाल्या, "पाटी सरळच होती."

"म्हणजे?"

"मला भीती वाटली हो. फार. नदी आयुष्यभर फळ्यावर काढली, आत कधी बसले होते? दुसरा धक्का दिसला आणि वाटलं, आता नाही उतरले तर मरेन."

"पण तोवर तर तूच आणलीस ना होडी?"

"मी डोळे मिटून बसले होते. वल्हं बुडवलंसुद्धा नाही."

"मग कोण नेत होतं?"

"तुम्हीच की."

हे ऐकून मास्तरांना असा काही घाम फुटला, की टेम्पोवाल्याने त्यांना पाणी दिलं.

होडी तिथेच बांधून दोघं टेम्पोतून शेवटच्या धक्क्यावर आले. समितीने मास्तरांना जवळजवळ उचलूनच घेतलं. साहेब मात्र गंभीर होते.

"परवानगी देता येणार नाही," ते म्हणाले.

"का? पार झाले ना ते?" औषधवाला उसळला.

"अहो, हा माणूस जाकीट न घालता उलट्या प्रवाहात गेला! एकटा! आणि याला तुम्ही गावातला सर्वांत भित्रा म्हणून मला दाखवता? ही शुद्ध फसवणूक आहे. खरा भित्रा आणा. संध्याकाळपर्यंत आणलात तर ठीक, नाहीतर उद्या कुलपं येतील."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मास्तर बाद झाल्यावर दुसऱ्या नंबरला कोण, याचा कधी कोणी विचारच केला नव्हता. प्रत्येक जण छाती काढून उभा राहिला. मास्तरांनी बाईंकडे बघितलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. ही गोष्ट आपल्या तोंडून जाणार नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

बाई बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. गावात त्यांचा दरारा होता. त्यांच्यापुढे गिरणीचा मॅनेजर उठून उभा राहत असे. तो दरारा जपायचा की धक्के उघडे ठेवायचे, एवढाच प्रश्न होता. वर्गातल्या मुलीसारखा त्यांनी हात वर केला.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत भित्री मी आहे."

औषधवाला हसला. मग बाईंचा चेहरा बघून गप्प झाला.

"पुढे मी बसेन," बाई साहेबांना म्हणाल्या. "मागे हे."

दुपार कलताना होडी पुन्हा पहिल्या धक्क्यावरून सुटली. या खेपेला मास्तरांनी साधं जाकीट घातलं होतं. भीती तेवढीच होती, पण आता ती दाखवायला जागा नव्हती.

"अहो, आहात ना मागे?" बाईंनी विचारलं.

"आहे."

दोन बुचकळ्या झाल्या. "आहात ना?"

"आहे गं."

दुसरा धक्का गेला. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बुटक्या पुलाखाली त्यांनी दोनदा विचारलं, गिरणीच्या नळापाशी चारदा विचारलं, आणि प्रत्येक वेळी मागून "आहे" आलं. काठावरच्या भिंतींवरून ते पुन्हा ऐकू येत होतं.

शेवटच्या वळणाआधी नदी एकदम रुंद झाली. भिंती संपल्या. पाण्यावर ऊन पसरलं होतं आणि काठच्या गवतातून एक बगळा संथपणे उडाला. बाईंचा प्रश्न आला नाही. आणखी काही बुचकळ्या झाल्या, तरी आला नाही. समोर हातभर अंतरावर बाईंची पाठ धडधडीत दिसत होती, तरी मास्तरांना राहवेना.

"अगं," त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "आहेस ना?"

"आता जरा गप्प बसा हो," बाई म्हणाल्या. "मला नदी बघू द्या."