अखंड रेस

अजिनाथच्या पिकअपची चालायला कधीच ना नव्हती. तिला उभं राहणं तेवढं मान्य नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलांचे गठ्ठे भरून निघाली की चढ असो, खड्डे असोत, गुमान पळायची. पण सिग्नलला, फाटकाशी, कुठंही रेसवरचा पाय उचलला की इंजिन खोकायचं, अंग झटकायचं आणि गप्प व्हायचं. मग पुष्कळ मिनतवाऱ्या केल्याशिवाय पुन्हा बोलायचं नाही.

टॉवेल कारखान्याचे मालक गुरुराजशेठ यांच्या फाटकातच ती भरल्या मालानिशी पुन्हा बंद पडली, तेव्हा शेठ स्वतः बाहेर आले. आवाज न चढवता म्हणाले, "अजिनाथ, हा माल सोमवारी अकलूजच्या दुकानात दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढची खेप दुसऱ्याला."

गाडी नवी, वॉरंटीतली. अजिनाथने ती मालासकट सर्व्हिस सेंटरला नेली.

"तक्रार काय?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"उभी केली की बंद पडती."

साहेब एक चक्कर मारून आले. "चालत्या गाडीत दोष आढळला नाही."

"चालत्या गाडीत न्हाईच की साहेब. उभी करून बघा."

"आवारात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला मनाई आहे." त्यांनी भिंतीवरची पाटी दाखवली.

"मग बंद करून बघा."

"बंद गाडी बंद पडत नाही."

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी पुण्याच्या तज्ज्ञांना कळवलं आणि अजिनाथला लेखी सूचना दिल्या. तज्ज्ञ येईपर्यंत दोष आहे त्या स्थितीत जतन करावा. तज्ज्ञांच्या गैरहजेरीत इंजिन बंद पडल्यास वॉरंटीही बंद पडेल. गाडी घरासमोर लावून जागेवरून हलवू नये. दोष मालासह आढळल्याने माल उतरवू नये.

बिरोबाच्या देवळाला लागून अजिनाथचं घर. दारात गाडी लावून तो रेसवर पाय दाबून बसला. बायकोने, रुपालीने, खिडकीतून घास भरवले. दिवेलागणीला आई आली, बजाबाई.

"कवा येणार रं तुजा तज्ज्ञ?"

"लवकरच म्हणलेत."

'लवकरच' म्हणजे किती, हे बजाबाईला उभ्या आयुष्यात पुरतं कळलेलं होतं. ती म्हणाली, "सप्त्यात वीणा खाली ठिवत्यात का? एकाच्या गळ्यातनं दुसऱ्याच्या गळ्यात. तसंच करायचं. एकाचा पाय निघायच्या आत दुसऱ्याचा पाय. पहारं लावू."

"आये, वीणा सुरात वाजती. ही धूर सोडती."

"सप्त्यात बी समदी सुरात नसत्यात."

पहारे लागले. पहाटे अंघोळ करून रुपाली बसायची, मग बजाबाई, मग शेजारचे तात्याबा. देवळाला येणाऱ्यांना दिसायचं ते असं: एक बाई, डोळे मिटलेले, पाय निश्चल, आणि अखंड घुमणारा नाद. डोळे झोपेने मिटलेत का, हे विचारायचा अगोचरपणा कोण करणार? एकाने बॉनेटवर नारळ ठेवला. एकटा नारळ बरा दिसत नाही म्हणून दुसऱ्याने हार घातला. लोक समईला तेल घालतात तसं टाकीत डिझेल घालू लागले, तेही पारखून, चांगल्या पंपावरचं. देवाला भेसळीचं कसं चालेल?

मग उदयसिंह आले. ते नगरसेवक व्हायच्या बेतात होते आणि बरीच वर्षं त्या बेतातच होते. त्यांनी मांडव घातला, 'अखंड रेस सोहळा' असा फलक लावला. चप्पल काढूनच रेसवर पाय ठेवावा असा नियम झाला. पहारा देणाऱ्याला 'रेसकरी' म्हणू लागले. पाहुणे आले, म्हणजे टॉवेल-टोपी देऊन सत्कार आला. टोप्या उदयसिंहांनी आणल्या. टॉवेलांसाठी ते गाडीच्या मागच्या बाजूला गेले.

"दादा, त्यो शेठचा माल हाय. सोमवारी अकलूजला जायचाय," अजिनाथ कळवळला.

"उतरवायला मनाई हाय न्हवं?"

"व्हय."

"वाटायला हाय का?"

अजिनाथने कागद वाचला. वाटायला मनाई नव्हती.

सोमवार उलटला. मंगळवारी गुरुराजशेठ तावातावाने आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत खांद्यावर टॉवेल पडला, डोक्यावर टोपी बसली, हातात नारळ आला. टॉवेलचा काठ शेठनी ओळखला. पण टाळ्या वाजत होत्या. त्यांनी हात जोडले. चप्पल काढून थोडा वेळ रेसही दिली. निघताना अजिनाथच्या कानाशी म्हणाले, "पुढची खेप दुसऱ्याला सांगितलीय. तू सेवेत आहेस, तुला कशाला त्रास?"

अखेर पुण्याचे तज्ज्ञ आले. शेवटचा टॉवेल त्यांना मिळाला. ते म्हणाले, "पाय काढा, बघू."

मांडवातल्या बायाबापड्यांनी कानांवर हात ठेवले.

"सप्ता मोडायचा म्हणता साहेब?" उदयसिंहांनी मृदूपणे विचारलं.

"मोडा की," अजिनाथ पुढे झाला. "माजी गाडी हाय."

हे बऱ्याच दिवसांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दोघातिघांनी 'हा कोण?' म्हणून चौकशीही केली. पहारा बजाबाईचा होता. तिने लेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाय उचलला.

इंजिन खोकलं नाही. भाविकांच्या स्वच्छ डिझेलने आतली घाण केव्हाच धुऊन नेली होती. पोट भरलेली म्हैस रवंथ करते तशी गाडी निवांत घुमत राहिली.

'तक्रार निराधार,' असं लिहून, नारळ घेऊन तज्ज्ञ गेले. बिरोबाच्या नावानं चांगभलं झालं. अजिनाथ हरखला. शेठच्या पायावर डोकं ठेवू, आजच नवा माल भरू, असं म्हणत दार उघडायला गेला, तर आत तात्याबा रेसवर पाय ठेवून बसलेले.

"तात्याबा, आता गरज न्हाय. ती आपली आपण चालतीया."

"गरज सरली म्हणून पहारा सोडायचा व्हय? सकाळधरनं उपाशी हाय मी, माजा नंबर हाय."

आता अजिनाथ दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. गुरुराजशेठचाच माल अकलूजला नेतो. वाटेत मांडव लागतो. लोक बोलतील म्हणून तो उतरतो, चप्पल काढतो आणि स्वतःच्या गाडीत आपला पहारा देऊन येतो.

तुम्ही हसाल. हसा. फक्त तुमचा पाय सध्या कशावर दाबलेला आहे आणि तो उचलला तर खरंच काय बंद पडेल, एवढं एकदा बघा. घाई नाही. तज्ज्ञ लवकरच येणार आहेत.