तंबू उतरवण्याचा सोपा उपाय

रविवार, सकाळी पावणेअकरा. स्थळ, भिलाईच्या स्मृति नगरातली एक गल्ली. अमरदीप मेश्रामच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीचं मागचं डावं चाक जमिनीपासून वीतभर वर होतं. बाकीची तीन चाकं खाली होती. गाडीत कोणी नव्हतं. गाडीचा मालक भिंतीच्या आतल्या बाजूला उभा होता, लोखंडी साखळी त्याच्या हातात होती, आणि सगळं कसं झकास चाललंय या आनंदात तो ती ओढत होता.

हे का झालं ते पहिल्यापासून सांगायला हवं, कारण गल्लीत सध्या या प्रकाराच्या निरनिराळ्या हकिगती फिरताहेत आणि त्यातली एकही खरी नाही.

अमरदीप पोलाद कारखान्यात क्रेन चालवतो. छताला लागून असलेल्या केबिनमध्ये बसून, तापलेल्या लोखंडाची हत्तीएवढी भांडी इकडून तिकडे नेतो. एक थेंब सांडत नाही. अशा माणसानं एके दिवशी मोबाईलवर पाहिलं, की गाडीच्या टपावर एक पेटी आहे, पेटी उघडली की तंबू होतो, तंबूला शिडी आहे, आत नवराबायको चहा पिताहेत आणि मागे तळं आहे. नवरा मोबाईलमधला होता, तरी अमरदीपला त्याचा हेवा वाटला. झालं. महिन्याभरात तसा तंबू त्याच्या टपावर बसला.

तंबूबरोबर एक पुस्तिका आली. 'दोन व्यक्ती दहा मिनिटांत तंबू सहज उतरवू शकतात.' (या दोन व्यक्ती कंपनीनं एकदा जनतेसमोर आणाव्यात. त्यांचा खुराकही जाहीर करावा.) पुस्तिकेत हसऱ्या बाईचा फोटो होता, आणि ती बाई तंबूला बोटसुद्धा लावत नव्हती.

पहिली सफर तांदुळा धरणाच्या काठावर झाली. तीत खोट काढायला जागा नाही. सत्यशीला, म्हणजे अमरदीपची बायको, जाताना म्हणत होती, "टपावर झोपाले मी काय मांजर हाय?" पण रात्री वाऱ्यानं कापड फडफडलं, तशी ती जी झोपली ती उन्हं अंगावर आल्यावरच उठली. शाळेची घंटा नाही, दूधवाला नाही. शिडीवर बसून चहा पिताना ती म्हणाली, "अजी, आता सिरपूरले जाऊ. तिथलं जुनं बुद्धविहार मले पहाटे पाहाचं हाय." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या एखाद्या खरेदीवर बायको खूश झाल्याचं अमरदीपनं पहिल्यांदाच पाहिलं. तो गाडी चालवत घरी आला तो जवळजवळ हवेतून.

आणि फाटकाशी थांबला. तंबूसकट गाडी पोर्चमध्ये जाईना. त्यानं खरेदीआधी गाडीची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती. उंची मोजायची राहिली, कारण गाडी कधी उंच होईल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तंबू उतरवून हॉलमध्ये ठेवायचा असं ठरलं. त्याला चार माणसं लागत. गल्लीत वजन उचलण्याजोगी चार माणसं होती. अमरदीप धरून. पण चौघंही कारखान्यातली. एक ए शिफ्टला, दुसरा बी शिफ्टला, तिसरा सीला, चौथा जनरलला. एक कामावरून येई तेव्हा दुसरा निघालेला असे आणि तिसरा घोरत असे. शिफ्ट बदलली की चौघांची एकदम बदले. साप्ताहिक सुट्ट्याही चार वेगळ्या वारी. तंबू डोळ्यांसमोर ठेवूनच कोणी ड्यूटीचा चार्ट लावला असावा, असा संशय घ्यायला भरपूर जागा होती.

त्यामुळे तंबू टपावर आणि गाडी रस्त्यावर, अशी दिवाळी उलटली. सत्यशीला त्याच गाडीनं कोहक्याच्या शाळेत शिकवायला जाई. शाळेतली पोरं विचारू लागली, "मॅडम, तुमचं घर गाडीवरच आहे का?" शेवटी मुख्याध्यापकांनीही विचारलं. त्या संध्याकाळी तिनं निर्वाणीचं सांगितलं.

"रविवारी लहानू येऊन राहिला उतईहून. पिकअप घेऊन."

"कावून?" अमरदीपनं विचारलं. लहानू म्हणजे सत्यशीलाचा भाऊ, उतई गावात शेती करणारा.

"त्याच्या वांग्यात माकडं शिरतात. राखणीले मचाण पाहिजे त्याले. तुमचा तंबू देऊन टाकतो मी."

"माझा तंबू माकडांसाठी?"

"माकडांसाठी नाई, माकडांविरुद्ध. रविवारी त्याचा चहा होईस्तोवर हा टपावरून खाली नाई आला अन् गाडी पोर्चमधी नाई गेली, तर तंबू उतईले. मंग सिरपूरले एसटीच्या रांगेत उभं राहू."

"अवं, इकडं छत्तीसगडात एसटी कुठं हाय?"

"तेच सांगून राहिली."

अमरदीपच्या डोळ्यांपुढे तांदुळ्याची पहाट आली, आणि त्या पहाटेत शिडीवर बसलेला लहानू आला. त्याला झोप लागेना. आणि मग एकाएकी तो पलंगावर उठून बसला. हत्तीएवढी भांडी रोज उचलणारा माणूस आपण, आणि एका पेटीसाठी शेजाऱ्यांच्या शिफ्टा मोजत बसलो! माणसं कशाला पाहिजेत? क्रेन पाहिजे!

चारच दिवसांत फाटकावर क्रेन उभी राहिली. दोन बाजूंना बोल्टांनी कसलेले लोखंडी खांब, वर आडवा गर्डर, गर्डरला चेन-पुली. साखळी ओढली की तंबू टपावरून वर जाणार, गाडी रिकामी होऊन पोर्चमध्ये शिरणार, तंबू फाटकावर ताडपत्रीत टांगलेला राहणार. सिरपूरला जायचं, की गाडी खाली लावायची, तंबू सोडायचा, निघायचं. अमरदीप गर्डरकडे पाहून स्वतःशीच हसत होता. लेकीला, आम्रपालीला, त्यानं ते आठ वेळा समजावून सांगितलं.

"पप्पा, समझ गई मैं," ती म्हणाली. "आता मले परीक्षेचा अभ्यास करू द्या."

रविवारी सकाळी कामं वाटली गेली. तंबू टपाच्या दांड्यांना चार बोल्टांनी धरलेला असतो. उजवीकडचे दोन अमरदीपनं काढून वाटीत टाकले. डावीकडचे दोन, खांबाला चिकटून होते ते, आम्रपालीनं काढायचे होते. ती एका हातात पाना आणि एका हातात मोबाईल घेऊन तिकडे वाकली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "दोनों खोल दिए." दोन बोल्ट तिनं वाटीत टाकले. टाकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

आता राहिला खलाशी. क्रेनवाला वरून माल नीट पाहू शकत नाही. खाली उभा असलेला खलाशी हातानं खुणा करतो आणि क्रेनवाला फक्त त्या हाताकडे पाहतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली दाबला की उतरव. हात आडवा केला की थांब. इथंही साखळी भिंतीच्या आत लोंबत होती आणि गाडी भिंतीच्या बाहेर होती. म्हणून समोरचे नरहरीभाऊ देशकर, बँकेतून निवृत्त, मूळचे दुर्गचे, यांना रस्त्यापलीकडच्या ओट्यावर उभं केलं.

"नरहरीभाऊ, मी तुमच्या हाताशिवाय कायच पाहणार नाई. समजलं ना?"

"अरे बाबा, बँकेत तीस वर्षं लोकांनी माझ्या हाताकडेच पाह्यलं," नरहरीभाऊ म्हणाले. "तू ओढ."

कारखान्याचा आणखी एक नियम आहे: उचलायची खूण फक्त खलाशाची, पण थांबायची खूण कोणीही करो, क्रेन थांबलीच पाहिजे. नियम उत्तम आहे. स्मृति नगरात तो चालत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईंनी ऑटोला हात केला, अमरदीप थांबला. भाजीवाल्यानं घाम पुसला, थांबला. ओळखीच्या एकानं हात वर करून "जय भीम, अमरदीपभाऊ" म्हटलं. अमरदीप थांबला, उलट जय भीम घातला आणि साखळी हातातून सुटली. साडेदहा वाजून गेले, तंबू जागचा हलला नव्हता आणि लहानू घरून निघाल्याचा फोन येऊन गेला होता.

"आता बस झालं!" अमरदीप ओरडला. "आता फकत नरहरीभाऊ! बाकी दुनिया गेली खड्ड्यात!"

आणि नेमका तेव्हा नरहरीभाऊंना फोन आला. पाण्याचं मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक चौकात उभा राहून पत्ता विचारत होता. फोनवर पत्ता सांगताना हात खिशात ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

"हां, तो चौक से ऊपर आओ," नरहरीभाऊ म्हणाले, आणि बोट वर गेलं. अमरदीपनं ओढलं. "और ऊपर. फिर वो गार्डन है ना, उसका गोल चक्कर मारो." बोट गोल फिरलं. अमरदीपच्या अंगात उत्साह संचारला. खलाशी असावा तर असा! साखळी खळखळत होती, गर्डर करकरत होता. "नहीं नहीं, पूरा गोल! पूरा!"

भिंतीबाहेर तंबू तिरका झाला. मग गाडी तिरकी झाली. भाजीवाला दोन्ही हात आडवे करून नाचू लागला. ऑटोसाठी थांबलेल्या बाईंनी पिशवी हलवली. आम्रपाली किंचाळली, "पप्पा, रुको!" अमरदीप दुनियेकडे पाहायचंच नाही असं ठरवून बसला होता. नरहरीभाऊंचं लक्ष अखेर गाडीकडे गेलं, तेव्हा त्यांनी घाबरून दोन्ही हात आकाशाकडे फेकले. ही खूण कारखान्यात नाही. अमरदीपनं तिचा अर्थ 'जोर लावून उचल' असा घेतला.

इतक्यात लहानूचा पिकअप गल्लीत शिरला आणि फाटकासमोर उभा राहिला.

"भाऊजी!" तो खिडकीतून म्हणाला. "तुमच्या गाडीनं पाय वर केला!"

सत्यशीला पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं गाडी पाहिली, भाऊ पाहिला, नवरा पाहिला. आरडाओरडा केला नाही. सरळ अमरदीपसमोर, नरहरीभाऊंच्या आणि त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तळवा खाली दाबला. अमरदीपचे हात आपोआप उलटे फिरू लागले. चाक टेकलं. तिनं हात आडवा केला. साखळी थांबली.

"आता बाहेर येऊन पाहा," ती म्हणाली.

अमरदीप बाहेर आला. डाव्या मागच्या कोपऱ्यात बोल्ट जसाच्या तसा कसलेला होता.

"आम्रपाली!"

"पप्पा, मैंने दो खोले थे! कसम से! वाटीत आहेत ना!"

"मंग हा कोण हाय?"

लहानू दोरखंड घेऊन खाली उतरला होता. "ताई, चहा नंतर घेऊ. पयले तंबू टाकून घेतो पिकअपमधी."

अमरदीप तंबूवर हात ठेवून उभा राहिला. सत्यशीलानं त्याच्याकडे पाहिलं, मग लहानूकडे.

"चहा झाला का तुहा?"

"नाई, पण..."

"चहा होईस्तोवर म्हटलं होतं मी. अजून आधणच नाई ठेवलं." तिनं आम्रपालीच्या हातातला पाना घेतला, गाडीशी वाकली आणि बोल्ट स्वतः काढून वाटीत टाकला. मग पदर खोचून ओट्यावर चढली. "नरहरीभाऊ, तुमी मशीनवाल्याले भेटा. अजी, ओढा आता!"

तिचं बोट वर गेलं आणि गोल फिरलं. अमरदीपनं साखळी अशी ओढली की जन्मात ओढली नसेल. तंबू टपावरून सुटला, एकदा हलला आणि सरळ, समतोल, एखाद्या मंत्र्यासारखा वर वर जाऊ लागला. भाजीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. ऑटो आला होता, तोही थांबला. गाडी घर्रकन पोर्चमध्ये शिरली, आणि गल्लीत असा जल्लोष झाला की सी शिफ्ट करून झोपलेला शेजारी बनियनवर बाहेर आला आणि म्हणाला, "उचलाचा हाय का? मी आलो."

पोर्चमध्ये चहा झाला. अमरदीपनं तिथंच जाहीर केलं, पुढच्या शनिवारी सिरपूर. सत्यशीला नाही म्हणाली नाही. लहानूला वांग्यांसाठी जुना पलंग देऊ केला. टोस्ट ठेवायला जागा हवी म्हणून सत्यशीलानं बोल्टांची वाटी उचलली, आणि उचलता उचलता थांबली.

"अजी, तंबूचे बोल्ट किती?"

"चार."

तिनं वाटी त्याच्यापुढे धरली. आत पाच होते.

अमरदीपनं मोजले. आम्रपालीनं मोजले. नरहरीभाऊंनी, बँकेतले असल्यामुळे, दोनदा मोजले. मग सगळ्यांनी हळूच माना वर केल्या. गर्डरवर तंबू मंद झुलत होता. लहानू कप खाली न ठेवता उठला आणि पिकअप फाटकासमोरून काढून पार गल्लीच्या टोकाला लावून आला.

पाचवा बोल्ट कुठून निघाला, हे अद्याप कोणीही सांगितलेलं नाही.