व्हर्नन पिलिंगची एक स्टेपनी

व्हर्नन पिलिंग पिकअपमध्ये तंबू कोंबत होता, तेव्हा त्याची बायको आयडा दुसरी स्टेपनी ढकलत घेऊन आली. व्हर्ननने ती परत गॅरेजमध्ये टाकली. आर्क्टिककडे जाणाऱ्या डेम्पस्टरच्या खडीच्या रस्त्यावर दोन स्टेपन्या पर्यटक नेतात, असं त्याचं मत होतं. व्हर्ननच्या मताला मान देणारा अख्ख्या व्हाइटहॉर्स शहरात एकच माणूस होता आणि तो रोज दाढी करताना त्याला भेटायचा.

आयडाला घर विकून दक्षिणेला, व्हिक्टोरियाला बहिणीजवळ जायचं होतं. इथे महिनोन्महिने कुणाशी बोलणं होत नाही, ही तिची तक्रार. माणसं लागतात ती दुबळ्यांना, हे व्हर्ननचं उत्तर. शेवटी त्याने छाती फुगवून पैज लावली. "या सहलीत मी कुणाकडे काही मागितलं, तर घराचं काय ते तू ठरव. नाही मागितलं, तर हा विषय बंद."

आयडा कबूल झाली. टायर किती झिजलेत, ते तिने आधीच पाहून ठेवलं होतं.

डेम्पस्टरची खडी टायर चिरते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पहिला टायर गेला तेव्हा व्हर्ननने शिट्टी वाजवत स्टेपनी चढवली. आमच्याकडे थांबलेली गाडी दिसली की मागचा थांबून विचारतोच; न विचारता पुढे गेलेल्याला लोक पुढचा हिवाळाभर नावं ठेवतात. त्याप्रमाणे एक ट्रकवाला थांबला. व्हर्ननने त्याला माशी हाकलावी तसा हाकलला आणि मर्दुमकी दाखवायला गाडी आणखी जोरात हाणली.

आर्क्टिक वर्तुळाची पाटी मागे पडली आणि दुसरा टायर फाटला. आजूबाजूला नुसता उघडा माळ, कुत्रं बांधायलाही झाड नाही.

"मुक्काम इथेच," व्हर्नन म्हणाला. जणू जागा त्यानेच निवडली होती.

गॅसची शेगडी पर्यटक नेतात म्हणून ती घरी राहिली होती, आणि झाडच नसल्यामुळे सरपणही नव्हतं. दोघांनी डब्यातल्या घेवड्याच्या बिया थंडच खाल्ल्या. त्यांच्यापेक्षा डास चांगले जेवले. येणारी प्रत्येक गाडी थांबत होती आणि व्हर्नन प्रत्येकाला नवी थाप मारत होता. एकाला सांगितलं पक्षी बघतोय, दुसऱ्याला सांगितलं वारा खातोय. एका म्हाताऱ्या जोडप्याने गरम सूप देऊ केलं, तर त्यांना म्हणाला, आमचा उपास आहे. आयडा आशेने प्रत्येक गाडीकडे बघायची आणि गाडी धूळ उडवत निघून जायची. असल्या माणसाला अस्वलानेही नेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बर्निस मावशीची पिकअप थांबली. मावशी पुढच्या फोर्ट मॅकफर्सन गावची, तिथल्या मूळच्या ग्विचिन लोकांपैकी. सामान घेऊन घरी निघालेली. तिने टायरकडे पाहिलं, मग व्हर्ननकडे, आणि थर्मास नि सुक्या माशाची पुडी बाहेर काढली.

"आम्हाला काही नको," व्हर्नन म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? चहा घेशील का गं, पोरी?"

"घेईन," आयडा म्हणाली, "आणि तो सुका मासाही द्या."

दोघी तासभर गाडीच्या मागच्या उघड्या फाळक्यावर बसून खात होत्या. मावशीने नदीकाठच्या मासेमारीच्या तळाची हकिकत सांगितली, नातेवाइकांची उणीदुणी काढली. आयडा इतकी हसत होती की व्हर्ननला तो आवाज ओळखीचाच वाटेना. मग ती तंबूतून आपली पिशवी घेऊन आली.

"मी मावशीबरोबर तळावर चाललेय. मासे कापायला हात हवेत त्यांना."

"आणि मी?"

"तुला काय कमी आहे? पक्षी बघ."

मावशीने इंजिन चालू केलं. तिच्या गाडीत मागे दोन स्टेपन्या होत्या, माप अगदी व्हर्ननच्या गाडीचंच. व्हर्ननने उघड्या माळाकडे पाहिलं, डासांकडे पाहिलं.

"मावशी," तो पुटपुटला, "एक टायर द्याल का?"

मावशीने टायर खाली ढकलला. व्हर्नन पडेल चेहऱ्याने बायकोला म्हणाला, "ठीक आहे. जिंकलीस तू. विकू घर."

"छे, विकायचं कशाला?" आयडा खिडकीतून म्हणाली. "इथे माणसं नाहीत असं मला वाटत होतं. होती रे, तूच परत पाठवत होतास. घर राहील, मीही राहीन. व्हिक्टोरियाला तू जा. ताईला मी कळवते, तुला माणसं लागत नाहीत म्हणून."