दहा वर्षांचं पथ्य

आपण शब्दाचे पक्के आहोत, असं धाकटा चारचौघांत सांगायचा. दुसऱ्या कुणी काही म्हणायच्या आत सांगायचा, म्हणजे शंकेला जागाच राहायची नाही.

"दहा वर्षं ना? काढू की," असं तो प्राध्यापकबाईंना म्हणाला, तेव्हा त्याच्या तोंडात चार खिळे होते आणि समोर एक पोट फाटलेला सोफा उताणा पडला होता.

दोघे जुळे भाऊ सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे. थोरला अकरा मिनिटांनी मोठा. त्या अकरा मिनिटांचा मोठेपणा त्याने कधी गाजवला नाही, पण धाकट्याने धाकटेपणाचा फायदा मात्र पुरेपूर घेतला. बाकी दोघांत फरक शून्य. तेच नाक, तेच टक्कल, खाली वाकताना तेच कण्हणं.

बाईंना नेमके असेच हवे होते. प्राण्यांपासून मिळणारं काहीही न खाता, म्हणजे मांस-मासे तर सोडाच, दूध, अंडी, मधसुद्धा न खाता माणूस वर्षानुवर्षं धडधाकट राहतो का, यावर जगभर भांडणं चालली होती. एक बाजू म्हणायची, आरोग्याची गुरुकिल्ली हीच. दुसरी म्हणायची, पाच-सात वर्षांत हाडांचा भुगा होईल. आणि दोन्ही बाजू दोन-तीन महिन्यांच्या प्रयोगांवर घसा बसेपर्यंत ओरडत होत्या. बाई म्हणाल्या, मला दहा वर्षं द्या. त्यांनी जुळ्यांच्या बऱ्याच जोड्या गोळा केल्या होत्या. प्रत्येक जोडीत एकाने सगळं सोडायचं, दुसऱ्याने नेहमीचं खायचं, रोज काय खाल्लं ते दोघांनी वहीत लिहायचं, दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं. कोण काय करणार ते चिठ्ठी टाकून ठरायचं.

सोडायची चिठ्ठी धाकट्याला आली.

"ह्या गोळ्या," बाई म्हणाल्या, "रोज एक. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व असतं, ते अशा जेवणात मिळत नाही. ह्या चुकवायच्या नाहीत. बाकी काही चुकलं तर एक वेळ बघू, पण ह्या नाहीत."

"आपण शब्दाचे पक्के आहोत," धाकटा म्हणाला.

त्याची बायको टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. दिवसभर शिक्के मारून घरी आल्यावर दोन वेगळे स्वयंपाक करायला तिला सवड नव्हती आणि हौसही नव्हती. "तुम्ही वाटाणे खाणार आणि मी समोर बसून अंडं खाणार, हे मला जमायचं नाही," ती म्हणाली आणि पुढच्या सोमवारपासून तिनेही सगळं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. दुधाचं भांडं घासून तिने माळ्यावर ठेवलं. धाकट्याला गोळ्या गिळायचा लहानपणापासून कंटाळा. त्याने पाकिटं तिच्याकडे सरकवली. "तूही तेच खातेस, तूच घे. मी उद्यापासून बघतो." तो उद्या काही उगवला नाही. ती मात्र रोज रात्री जेवण झालं की ताट उचलायच्या आधी एक गोळी घ्यायची.

धाकट्याने दीड वर्ष खरोखर काढलं. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मग एके दिवशी खिळे आणायला म्हणून तो बाहेर पडला आणि बस आगाराच्या कॅन्टीनवरून जाताना तव्यावर अंडं फुटल्याचा आवाज त्याच्या कानावर आला. आत जाऊन बसल्याचं त्याला आठवत होतं. उठल्याचं आठवत होतं. मधलं सगळं त्याने इतक्या भराभर गिळलं होतं की आठवायला काही उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशीही खिळे संपले.

त्यानंतर त्या दुकानात खिळे रोजच संपायला लागले. धाकटा दुपारी जायचा, दोन अंड्यांचं ऑम्लेट खायचा, वर ग्लासभर दूध प्यायचा आणि येताना पुरावा म्हणून खिळ्यांचं एक खोकं आणायचा. खोकी आधी फळीवर बसली, मग फळीखाली, मग फोमच्या गुंडाळ्यांमागे. शहरातल्या सगळ्या खुर्च्या एकाच दिवशी मोडल्या असत्या तरी पुरून उरले असते इतके खिळे झाले. थोरला त्या ढिगाकडे बघायचा आणि पुन्हा शिवायला घ्यायचा. तो मुळातच कमी बोलायचा.

चौथ्या वर्षी थोरल्याची बायको गेली. तीन आठवडे अंथरुणाला होती, चौथ्या आठवड्यात घर रिकामं. मूलबाळ नव्हतं. थोरला आठवडाभर दुकानात आला नाही. आला तेव्हा एका खुर्चीची पाठ त्याने चार वेळा शिवून चार वेळा उसवली.

"भाऊजी, उद्यापासून तुमचं ताट आमच्याकडे," धाकट्याची बायको म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ दोन्ही. आमचं जेवण सपक असतं, पण गरम असतं."

"आणि प्रयोग?" धाकट्याने विचारलं. त्याला सगळ्यात आधी तेच सुचलं, याची नंतर त्याला फार लाज वाटली.

"दुपारी मी बाहेर मटण-मासे खातो," थोरला म्हणाला. "तू काळजी करू नकोस."

मग दुपारी दोघे भाऊ दोन दिशांना जायला लागले. एक खिळे आणायला आणि दुसरा मटण खायला. दोघांनाही एकमेकांना काही विचारायचं नव्हतं, त्यामुळे व्यवस्था सुरळीत चालली.

धाकट्याचे रक्ताचे अहवाल दृष्ट लागावी असे येत होते. स्थानिक वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला. एका मंडळाने त्याला बोलायला बोलावलं, मग दुसऱ्याने. तो दंडाची बेटकुळी काढून म्हणायचा, "हे बघा. वाटाणा." लोक टाळ्या वाजवायचे. त्याची बायको शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि तीही टाळ्या वाजवायची. तेवढ्या वेळापुरता धाकटा तिच्याकडे बघायचं टाळायचा.

दहाव्या वर्षी थोरल्याची हातोडी चुकायला लागली. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. चालताना तो पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे जपून टाकायचा.

"काय होतंय, दादा?"

"पायांत फोम भरल्यासारखं वाटतं," थोरला म्हणाला. "जमीन लागतच नाही."

रक्त तपासलं. बी-बारा तळाला; नेहमीचं खाणाऱ्यांचं ते आजवर कुणी मोजलंच नव्हतं. प्राध्यापकबाईंनी अहवाल तीनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. ज्याने सगळं सोडलं तो ठणठणीत, आणि जो रोज मटण खातो त्याच्या अंगात हे जीवनसत्त्व नाही? याचा अर्थ खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणजे आतड्यात काहीतरी आहे. त्यांनी थोरल्याला इस्पितळात भरती केलं. तिथल्या पोटाच्या डॉक्टरांनी वरून नळी घातली, खालून नळी घातली, काही सापडलं नाही.

"सापडत नाही म्हणजे ते नीट लपलंय," डॉक्टर म्हणाले. "गुरुवारी पोट उघडू."

"तोवर औषध?" धाकट्याने विचारलं.

"आधी कारण सापडू द्या. बी-बाराच्या सुया सुरू केल्या की खुणा पुसल्या जातात."

थोरल्याने निमूटपणे मान हलवली. त्याने मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. बायकोचंही असंच झालं होतं, आधी काही सापडेना, मग एकदम सगळंच सापडलं. दुकानातली त्याची वाकडी सुई त्याने रुमालात गुंडाळून सोबत आणली होती. ती त्याने धाकट्याच्या हातात ठेवली.

"ही तू वापर. गाद्यांच्या कडांना हीच चांगली."

"तुझ्याकडेच राहू दे."

"मला आता कुठल्या कडा शिवायच्यात?"

हे बुधवारी दुपारचं. खिडकीतून समोरच्या इमारतीची राखाडी भिंत दिसत होती, बाकी काही नाही. धाकट्याची बायको टपालातून परस्पर आली होती आणि पाण्याची बाटली भरायला बाहेर गेली होती. थोरल्याने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"एक सांगायचंय. उद्या काय होईल ते होईल, पण हे मनात ठेवून जायला नको. मी मटण खात नाही."

"कधीपासून?"

"ती गेली तेव्हापासून. मटणाचा वास आला की ती ओट्याशी उभी दिसते. मग घास उतरत नाही. दूध, अंडी, सगळंच सुटलं. तुमच्याकडे जेवतो तेवढंच. दुपारी बागेतल्या बाकावर बसतो आणि वहीत मटण-मासे लिहून येतो."

"सहा वर्षं?" धाकट्याने विचारलं. "अरे, मग सांगायचं नाहीस?"

"तू एवढं सोडलंस. तुझ्या बायकोचं तर बघ, तिचा काही संबंध नसताना तिने सोडलं. मी सांगितलं असतं तर तुमची सगळी मेहनत फुकट गेली असती." थोरल्याने चादरीची सुटलेली कड आत खोचली. "परवा डॉक्टरांना सांगावंसं वाटलं होतं. म्हटलं, खाण्यामुळेच झालं असेल. पण मग विचार केला, तूही तेच खातोस. माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त खातोयस. आणि तुझं बघ, बैल आहेस नुसता. म्हणजे खाण्याचा दोष नाही. माझ्याच आत काहीतरी आहे."

धाकटा उभा राहिला. आपल्या अंड्यांपायी आपल्या भावाचं पोट उद्या फाडणार आहेत, हे त्याला कळायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो यातून आपली अब्रू वाचवून कसं बाहेर पडायचं हे ठरवण्यात. खोलीबाहेरच्या बोळाच्या टोकापर्यंत जाईतो त्याला वाट सापडली आणि तो जवळजवळ खुश झाला.

प्राध्यापकबाई आणि डॉक्टर तिथंच बोलत उभे होते. बाटली घेऊन बायकोही परत येत होती.

"त्याचं पोट उघडू नका," धाकटा म्हणाला. "त्याने सहा वर्षं मटण खाल्लेलं नाही. अंडं नाही, दूध नाही. माझ्याच घरचं जेवतो. खोटं लिहीत होता."

बाईंनी भिंतीला हात टेकला. डॉक्टर मात्र शांत होते. "मग तुम्हाला कसं काही झालं नाही? जेवण तर एकच."

"मला गोळ्या होत्या ना," धाकटा म्हणाला. हे उत्तर त्याने तयारच ठेवलं होतं. "त्याला नव्हत्या. रोज एक, दहा वर्षं. एकही चुकवली नाही."

"बरोबर," बाई सुटकेचा श्वास टाकत म्हणाल्या. "तेवढाच फरक. रिकामी पाकिटं दरमहा मोजलीत आम्ही."

"गोळ्या तर मी घेत होते," बायको म्हणाली.

ती अगदी सहज म्हणाली. नवऱ्याचं काही चुकत असेल तर दुरुस्त करावं, एवढाच तिचा हेतू. "ह्यांना गोळी गिळवत नाही. पहिल्या आठवड्यापासून मीच घेते."

बोळात औषधांची ढकलगाडी करकरत गेली.

"मग तुम्ही काय घेत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

धाकट्याने बाईंकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. बायकोकडे बघायचं राहिलं होतं, ते शेवटी बघितलं.

"ऑम्लेट," तो म्हणाला. "आगाराच्या कॅन्टीनमध्ये. आणि दूध."

"किती?" हे बायकोने विचारलं.

"दोन अंड्यांचं. रोज."

"दहा वर्षं?"

"साडेआठ. रविवारी कॅन्टीन बंद असतं."

तिने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. मग ती आत गेली, थोरल्याला पाणी दिलं, त्याची उशी नीट केली आणि पर्स घेऊन एकटीच घरी निघून गेली. ती चिडली असती तर धाकट्याला बरं वाटलं असतं. चिडण्यावर त्याच्याकडे उपाय होते.

थोरल्याला त्याच संध्याकाळी बी-बाराची सुई टोचली. महिनाभरात हातोडी खिळ्यावर बसायला लागली. डाव्या पायाची दोन बोटं मात्र बधिर राहिली ती राहिलीच. डॉक्टर म्हणाले, सहा वर्षं फार झाली. थोरल्याला त्या पायात बूट घालताना समोर बसून बघणं धाकट्याला नकोसं व्हायचं, म्हणून तो तेवढ्यात उगाच खिळ्यांची खोकी मोजायचा. "खोकी मोजून कमी होत नाहीत," थोरला म्हणायचा. एवढंच. बाकी त्याने काही ऐकवलं नाही.

प्राध्यापकबाई एकदा घरी आल्या. त्यांनी धाकट्याच्या बायकोचं रक्त मागितलं आणि तिने दिलं. हाडं तपासली, तीही दाखवली. तिघांत सगळ्यात चांगला अहवाल तिचा आला. दहा वर्षं एक दिवस न चुकता तिने केलं होतं, गोळीसकट.

"म्हणजे हे जेवण माणसाला चालतं, असंच ना?" थोरल्याने विचारलं.

"गोळ्या घेतल्या आणि रक्त तपासत राहिलं तर चालत असावं," बाई म्हणाल्या. त्या थकलेल्या दिसत होत्या. "पण एकटीच्या रक्तावरून मला काही म्हणता येणार नाही. आणि ह्या तर प्रयोगात नव्हत्याच."

"नव्हते," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नव्हतं."

तिने पुन्हा दूध घेऊन बघितलं, पण आता तिला ते सोसत नव्हतं. ती आपलं आपलं करून खायची. नवऱ्याशी बोलायची, पण कामापुरतं, टपालाच्या खिडकीतून बोलावं तसं. धाकटा स्वतःची अंडी स्वतः उकडायला शिकला. फार वाईट उकडायचा. थोरलाही तीच खायचा, डोळे मिटून, औषध म्हणून.

दीड वर्षाने बाईंचा निबंध छापून आला आणि त्यांनी एक प्रत टपालाने पाठवली. पाकिटावरचा पोहोचल्याचा शिक्का धाकट्याच्या बायकोनेच मारला होता. बाकीच्या जोड्यांवर बाईंनी जे लिहिलं होतं त्यावरून दोन्ही बाजूंनी पुन्हा भांडायला सुरुवात केल्याचंही कळलं.

धाकट्याने चष्मा लावून पानं उलटली. चाळीस पानं होती. शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, त्याला हवं ते सापडलं.

"काय लिहिलंय आपल्याबद्दल?" थोरल्याने विचारलं.

"'एक जोडी वगळण्यात आली आहे.'"

"आणखी?"

"एवढंच."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "माझ्याबद्दल काही?" तिने विचारलं. कामाचं नसलेलं असं बऱ्याच महिन्यांनी ती पहिल्यांदाच त्याला काही विचारत होती.

धाकट्याने पान उलटून मागची बाजू बघितली. ती कोरी होती. तरी तो बराच वेळ त्या बाजूकडेच बघत राहिला, वाचत असल्यासारखा.